अजाणता

मोठ्या माणसाच्या डोक्याला बसेल असं टोपडं बीडच्या बाजारात तयार मिळत नाही, कारण ते लागतंच कुणाला? ते शिवूनच घ्यावं लागतं. म्हणून कारंज्याजवळच्या रामकिसन कापडवाल्याच्या दुकानात, चांगली मिसरूड फुटलेला बद्रीनाथ देशमुख मान खाली घालून पायरीवर बसला होता आणि रामकिसन त्याच्या डोक्याभोवती दोरा धरून माप घेत होता. गिऱ्हाइकं तोंडाला पदर लावून हसत होती. एका बाईनं त्याला ओळखलं आणि कडेवरचं लेकरू चटकन दुसऱ्या कडेवर घेतलं. मेलेल्या माणसाची सावली लेकराला बाधते. बद्रीनाथला महिनाभरात त्याची सवय झाली होती. मुंबईहून तो नगरमार्गे बैलगाडीनं घरी पोचला, त्या दिवशी आत्यानं दारातच किंकाळी फोडली होती, आणि तेव्हापासून तो गोठ्याशेजारच्या खोलीत झोपत होता, पत्रावळीवर जेवत होता. घरच्यांनी त्याला कधीच जाळलं होतं. पळसाच्या देठांचं अंग करून, नारळाचं डोकं लावून, वर पांढरं धडुतं गुंडाळून बिंदुसरेच्या काठी रीतसर अग्नी दिला होता. बोट बुडाली अशी बातमी आली होती ना! लोकांचं चुकलं, गोदीतून धाडलेला निरोप पोचला नसेल, त्यांचा काय दोष, असं तो स्वतःला सांगत आला होता. रामकिसननं दोऱ्याला गाठ मारली आणि तोंडातलं पान गालात सारून, सहज, हवापाण्याचं बोलावं तसं म्हणाला, “तुज्या आबाला मी गेल्या सालच्या दसऱ्याआदीच सांगितलंतं. बोट बुडाल्याची हूल उठल्यावर मुंबईच्या गोदीत पोराला ह्या डोळ्यांनी बघितलं, धडधाकट हाय, मायला सुखरूप सांगा म्हनला, म्हनून. मग दिवाळीनंतर कावून जाळलं रे तुला?”

टोपड्याला गोंडे लावायचे का, असं रामकिसननं विचारलं तेव्हा बद्रीनाथनं मान हलवली, ती हो म्हणून की नाही म्हणून ते त्याचं त्यालाही कळलं नाही. तो उठला आणि राजुरी वेशीकडे चालू लागला. ऊन चांगलंच वर आलं होतं. दसऱ्याच्या आधी. आणि जाळलं दिवाळीनंतर. म्हणजे आबाला माहीत होतं. पळसाचे देठ निवडताना माहीत होतं, नारळाची शेंडी सोलताना माहीत होतं, खांद्यावर मडकं घेऊन फेरे मारताना माहीत होतं की आपलं पोर या घडीला कुठंतरी जितंजागतं भात खात बसलंय. तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात ते त्याला आजवर नुसतं ऐकून ठाऊक होतं. आता ती आग पोटऱ्यांतून, मांड्यांतून वर चढताना त्याला कळत होती, आणि चीड अशी की वाटेतल्या भुसाराच्या पोत्यावर लाथ मारावी, त्या दुकानदाराचा काही संबंध नसताना. महिनाभर तो बापाकडे अपराध्यासारखा बघत होता! बाप पोराच्या दुःखानं खचला असेल, म्हणून त्याच्यापुढं आवाज चढवायचा नाही, गोठ्यात झोप म्हणाला तर झोपायचं. काय शहाणपण! मूग गिळून बसलेला माणूस शेवटी मुगाच्याच मोलाचा होतो.

बोट बुडाली. कुठली बोट? काठेवाडच्या किनाऱ्याला कुठलंसं गलबत वादळात सापडलं होतं हे खरं. पण निजामाच्या राज्याला समुद्र नाही, आणि बीडच्या माणसाला वाटतं की समुद्रात एकच बोट असते. ती बुडाली म्हणजे बद्री बुडाला. कंकालेश्वराच्या देवळाभोवतीच्या कुंडाएवढंच पाणी ज्यांनी पाहिलंय त्यांना तो अथांग पसारा कसा समजावून सांगायचा? त्यालाही कुठं माहीत होता. शाळा सोडून, आबाशी भांडून, काहीतरी होऊन दाखवीन तेव्हाच तोंड दाखवीन, तोवर चिठ्ठीचपाटी नाही, असं बोलून तो मुंबईला पळाला. एका भाटिया शेठनं स्वदेशीच्या भरात तीन डोलकाठ्यांचं एक जुनं शिडाचं जहाज घेतलं होतं आणि आपल्या मुलुखाच्या पोरांना दर्यावर्दी करायचं मनावर घेतलं होतं. पोरं भरती झाली ती सगळी कोकणची, गुजरातची, पाण्यात वाढलेली. एकटा हाच काळ्या मातीतला. पहिल्या दिवशी गोदीच्या भिंतीवर उभं राहून त्यानं वर पाहिलं होतं, दोरांच्या त्या जंजाळात डोलकाठीचं टोक शोधताना पटका मागे पडला होता, आणि पोरं हसली होती. पहिले आठ-पंधरा दिवस तो नुसता ओकत होता. आतडी बाहेर येतात की काय असं वाटायचं आणि त्यातच दाऊद तांडेलाची हाक यायची.

दाऊद म्हणजे खलाशांचा म्होरक्या, दाढी पांढरी, पायाची बोटं हाताच्या बोटांसारखी पसरलेली. तो कधी पुस्तक उघडून शिकवत नसे. अनवाणी पायांनी दोरांच्या शिडीवरून वर पाठवायचा. वर डोलकाठीला आडवा लाकडी वासा, त्याला बांधलेलं शीड. वारा वाढला की त्या वाशावर पोटावर ओणवं व्हायचं, पाय खालच्या लोंबत्या दोरावर, आणि दोन्ही हातांनी शीड ओढून गुंडाळायचं. हात शिडाला लागतात, मग धरायचं कशानं, असं बद्रीनाथनं विचारलं होतं. दाऊद म्हणाला, पोटानं. आणि खरंच, माणूस पोटानं धरू शकतो. भिऊन पोट आत गेलं की घसरलाच. पोट वाशावर सैल टाकलं की जहाज आपोआप धरून ठेवतं. हे कळायला त्याला अख्खा पावसाळा लागला. मग एक दिवस मधल्या डोलकाठीवर, पाऊस तोंडावर मारत असताना, त्याच्या लक्षात आलं की आपण गाणं म्हणतोय. आपल्या गावची, जात्यावरची ओवी, मायची. शेजारचा पारशी पोरगा विचारत होता की ही कुठली भाषा. नंतर सगळं येत गेलं. मानेच्या मागच्या केसांवर वारा कुठून लागतो त्यावरून सुकाणू किती फिरवायचं, जाड सुईनं शीड कसं शिवायचं, पाळीपाळीनं कसं झोपायचं. आणि एका परातीत जेवायचं. भंडारी, खारवी, मुसलमान, पारशी आणि बीडच्या देशमुखाचं पोर, सगळ्यांचे हात एका भातात. त्याला त्यात काही वाटलं नाही असं नाही. पहिला घास घशात अडकला होता. दुसरा गेला. भूक लागली होती आणि भात गरम होता.

त्याच वर्षी धाकू गेला. जैतापूरचा धाकू, बद्रीनाथच्या डावीकडे वाशावर असायचा. वारा अचानक फिरला, शिडानं आतून फटका दिला, आणि डावीकडची जागा रिकामी झाली. ओरडणंसुद्धा ऐकू आलं नाही. दाऊदनं शिडं उलटी फिरवून जहाज जागच्या जागी थांबवलं, होड्या सोडल्या, आणि सूर्य बुडेपर्यंत ते शोधत राहिले. मग कुणीतरी, बिचारं आपलं रडत रडत, धाकू मेला असं म्हणालं. दाऊदनं त्याच्या थोबाडीत दिली. “दिसत नाय, एवढाच म्हना,” तो म्हणाला. “मेला म्हननारे तुमी कोन?” बंदर लागेपर्यंत रोज परातीजवळ धाकूची वाटी मांडली जात होती. रोज हजेरीला त्याचं नाव पुकारलं जाई, आणि तेवढा वेळ सगळी रांग गप्प उभी राही. बद्रीनाथला तेव्हा वाटायचं, म्हातारा वेडा आहे. आता भर उन्हात राजुरी वेशीखाली उभं असताना त्याला रडू फुटायला आलं. परक्या मुलखातल्या, परक्या धर्माच्या म्हाताऱ्यानं एका परक्या पोराला, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पाण्यात पडलेल्या पोराला, मेला म्हणू दिलं नव्हतं. आणि इथं जन्मदात्या बापानं जित्या पोराला आग लावली, वर गावाला तेराव्याचं जेवण घातलं. पंगतीत बुंदी होती म्हणे. आत्या कौतुकानं सांगत होती, सगळ्यांनी मागून मागून खाल्ली.

आणि उद्या काय, तर जन्म. जोशीबुवांनी पोथी काढून सांगितलं होतं: ज्याची क्रिया झाली तो परत आला तर त्याला पुन्हा जन्माला घालावं लागतं. तूप आणि पाणी भरलेल्या भांड्यात मुठी वळून, गुडघे पोटाशी घेऊन, मुकाट बसायचं. मायनं त्यातून वर काढायचं. मग त्यानं रडायचं, मग न्हाऊ, टोपडं, बारसं, आत्यानं कानात नाव सांगायचं. पण त्याआधी बापानं हातात पाणी घेऊन सगळ्यांपुढं म्हणायचं की माझ्याकडून हे अजाणता घडलं. त्या एका शब्दावर सगळी इमारत उभी होती. जाणूनबुजून जित्या माणसाची क्रिया केली असेल तर त्याला विधीच नाही, जोशीबुवा म्हणाले होते, ते महापाप, तो माणूसच वाळीत. तेव्हा आबानं किती गंभीरपणे मान डोलावली होती! विधी हवा होता तो विमलसाठी. बद्रीनाथची धाकटी बहीण विमल गेवराईला दिली होती, तिला सातवा लागला होता, आणि पहिलं बाळंतपण माहेरी. पण तिचे सासरे विठ्ठलराव अडून बसले होते: घरात भूत फिरतंय, तोवर सून पाठवणार नाही. उद्या ते स्वतः बघायला येणार होते.

घरी आला तेव्हा अंगणात काहिल घासणं चाललं होतं. गुऱ्हाळाची, गूळ उकळायची लोखंडी काहिल. माणूस बसेल एवढं भांडं दुसरं कुठलं मिळणार? दोन गडी राखेनं ती घासत होते आणि सुंदरराव देशमुख बाजूला उभे राहून कड नीट घासा, कड नीट घासा म्हणत होते. बद्रीनाथनं सरळच विचारलं. वाटेत त्यानं पुष्कळ वाक्यं जुळवली होती, ती सगळी कुठं गेली कोण जाणे. त्यानं एवढंच विचारलं की रामकिसननं सांगितलं होतं का. सुंदररावांनी गड्यांना चहा प्यायला पाठवलं, काहिलीच्या कडेवर बोट फिरवून बघितलं, आणि मग म्हणाले, “होय. सांगितलंतं.”

त्यांच्या आवाजात ना शरम, ना भीती. एखादा बैल कावून विकला असं विचारल्यावर माणूस सांगतो तसे ते सांगत होते. “गेवराईचे लोक सोयरीक मोडाया निघालेते. पोरगं काळ्या पान्यात गेलंय, कुनाकुनाच्या ताटात जेवतंय. तेवढ्यात बोट बुडाल्याची बातमी आली. देवच पावला म्हन. मेल्याचं सुतक तेरा दिसांचं असतं, बद्री. बाटल्याचं जल्माचं. मी काय करायला पायजे हुतं? तुला जिता ठिवून पोरगी घरात बसवायची?”

चोराच्या उलट्या बोंबा, बद्रीनाथला वाटलं. पण बोंब तरी कुठं होती, हा माणूस तर शांत होता, आणि त्या शांतपणाचाच त्याला जास्त संताप आला. रागावला असता, रडला असता, हात जोडले असते तर काहीतरी करता आलं असतं. त्यानं विचारलं, “आन् माय? मायला तरी सांगायचं.”

“तिला सोंग जमत न्हाई,” सुंदरराव म्हणाले. “ती खरी रडली. तिचं रडनं बघूनच तर विठ्ठलरावांनी खरं मानलं. न्हाईतर त्यो लई खट मानूस हाय.” मग जरा थांबून, जवळ येऊन, पहिल्यांदाच थोड्या मऊ आवाजात ते म्हणाले की उद्याचा दिवस तेवढा गप्प बस, मग खुशाल तुझ्या बोटीवर जा, मी अडवणार नाही. आणि त्यांनी गड्यांना हाक मारली.

गोठ्याशेजारच्या खोलीत, शेणाच्या वासात, भिंतीला पाठ लावून बद्रीनाथ संध्याकाळपर्यंत बसून राहिला. मायचं रडणं आबानं वापरलं. बैल जुंपावा तसं जुंपलं. मायनं बांगड्यांचे हात जमिनीवर आपटले होते, आत्या सांगत होती, दोन दिवस तोंडात पाणी घेतलं नव्हतं, पळसाच्या त्या बाहुल्याला कवटाळून बसली होती, सोडवून घ्यावं लागलं. आणि आबा बाजूला उभा राहून विठ्ठलरावांच्या तोंडाकडे बघत होता, पटतंय का म्हणून! सांगावं का उद्या सगळ्यांपुढं? हाक मारून सांगावं, अजाणता नाही, जाणून. एका शब्दाचं काम. आबा वाळीत पडला तर पडू दे, त्याच लायकीचा आहे. विठ्ठलराव विमलला टाकतील. तिथं मन अडखळत होतं, पण तेही त्यानं बाजूला सारलं, त्या चिडीत त्याला बहिणीचीही पर्वा वाटेना, आणि आपल्याला पर्वा वाटत नाही याचं भय वाटलं. मात्र मायपाशी येऊन तो थांबत होता. आज महिनाभर ती रोज गोठ्याच्या दारापाशी पत्रावळ ठेवते आणि तो जेवेपर्यंत लांब बसून बघते. शिवता येत नाही म्हणून नुसती बघते. तिला काय सांगायचं? की तू ज्याच्यासाठी ऊर बडवलास तो जिता आहे हे तुझ्या नवऱ्याला ठाऊक होतं, तुझा ऊर त्याला कामाला आला? तिला पुढचं सगळं आयुष्य त्याच माणसाला वाढायचंय, त्याच्याच नावाचं कुंकू लावायचंय. ती एकटीच या घरात खरी वागली. तिचं ते खरं रडणं तरी तिच्यापाशी राहू दे. गप्प बसायचं ते आबासाठी नाही, विमलसाठी नाही, विठ्ठलरावांच्या पटक्याच्या मानासाठी तर नाहीच नाही. फक्त मायसाठी. असं ठरवल्यावर त्याला जरा श्वास आला.

सकाळी अंगण माणसांनी भरलं होतं. विठ्ठलराव गादीवर बसले होते. गल्लीतल्या बायका ओट्यावर दाटीनं उभ्या होत्या, त्यांना बाळंतपणाला आल्यासारखाच उत्साह होता, एकीनं तर डिंकाचे लाडूसुद्धा आणले होते. काहिलीत कोमट पाणी आणि त्यावर तुपाचा थर. बद्रीनाथ लंगोटीवर आत उतरला, मुठी वळल्या, गुडघे छातीशी घेतले. ज्या हातांनी वादळात शीड आवरलं त्या हातांच्या मुठी करून तो गुळाच्या काहिलीत बसला, आणि त्याच्या खांद्यांवर तूप चढलं. पोरं खिदळली, कुणीतरी दटावलं. सुंदररावांनी ओंजळीत पाणी घेतलं. जोशीबुवा पुढे सांगत होते, ते मागे म्हणत होते. तो शब्द आला. अडखळतील, निदान आवंढा तरी गिळतील म्हणून बद्रीनाथ कान देऊन होता. अजाणता, सुंदरराव स्वच्छ म्हणाले, आणि ओंजळ सोडली. विठ्ठलरावांनी मान डोलावली. बद्रीनाथनं दात दाबून धरले. जबडा दुखायला लागला.

मग माय पुढे आली. तो गेल्यापासून, आणि परत आल्यावरच्या महिनाभरातही, तिनं त्याला हात लावला नव्हता. तिनं त्याच्या काखांत हात घातले, तुपानं हात निसटत होते, पुन्हा घातले, आणि आपल्या मांडीवर त्याचं डोकं घेतलं. बद्रीनाथनं डोळे मिटले. झालं, म्हणजे हे तरी झालं. पण जोशीबुवा म्हणाले, बाळ रडलं पाहिजे, रडल्याशिवाय जन्म नाही. बद्रीनाथनं तोंड उघडलं, आवाज फुटेना. नुसतं ट्यांहा म्हणायचं होतं, कुणीही म्हणेल. पण त्याच्या घशात कालचा सगळा राग गच्च बसला होता आणि त्याखालून काही वर येईना. गोड बोलून झालं, आत्या छबुबाईंनी चिमटा काढून झाला. ओट्यावर कुजबुज सुरू झाली. विठ्ठलराव गादीवरून पुढे सरकले आणि, काय हो, पोराच्या मनात काही आहे का, असं विचारू लागले. सुंदररावांच्या चेहऱ्याचा रंग उतरला. आणि माय खाली वाकली. तिचा गाल त्याच्या गालाला लागला, तुपकट, गरम. बाहेरच्यांना वाटलं ती पापा घेतेय.

“रामकिसन आलाता तवा मी दाराआड होते, बद्री,” ती त्याच्या कानात म्हणाली. “समदं ऐकलंतं. विमलचं लगीन व्हतं रे. आता रड बाबा, लोक थांबल्यात.”

तो रडला. आधी आवाज आला तो त्याच्या ओळखीचा नव्हता. मग तो ओरडलाच, हातपाय झाडत, मायच्या मांडीवरून सुटायला बघत, आणि तिनं त्याला घट्ट धरून ठेवलं. बायका खूश झाल्या. किती खरं रडतोय गं, एक म्हणाली, अगदी आत्ता झाल्यावाणी. जोशीबुवांनी अक्षता टाकल्या. विठ्ठलराव हसून मागे रेलले आणि सुनेला परवाच्या दिवशी गाडी जुंपून पाठवतो म्हणाले. छबुबाईंनी पितळी थाळी उचलली आणि सुंदररावांच्या घरी लेक झाला म्हणून वाजवत वाजवत गल्लीत गेल्या. बद्रीनाथ रडतच होता आणि माय त्याचं तोंड पदरानं पुसत होती.